पर्लकोटेपलीकडचा सर्व्हर

भामरागडसारख्या ठिकाणी सॉफ्टवेअरच्या परवान्यावर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं मी बरीच वर्षं मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, गिऱ्हाइकांना तसं सांगतही होतो. आज त्याच गिऱ्हाइकांना मी उलट सांगतो: परवान्याचे पैसे नसतील तर सर्व्हर आत्ता बसवू नका, थांबा, नाहीतर ज्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही असं काहीतरी बसवू. माझं मत का फिरलं हे विचारणारे बरेच आहेत. काहींना वाटतं, कुणीतरी नोटिशीची भीती घातली असेल. तसं काही झालेलं नाही. काय झालं ते सांगतो.

आधी जुनं मत नीट मांडायला हवं, कारण त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मी आलापल्ली-अहेरी भागात कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो, दुकानांत आणि लहान कार्यालयांत नेटवर्क टाकून देतो. आमच्याकडचा व्यापार हंगामाचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान. एरवी दुकानदार उधारीची वही चाळत बसतो. अशा ठोक दुकानात दोन-तीन काउंटर असतात, एक गोदाम, मालकाची खोली, आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच हिशेबात, एकाच स्टॉकवर काम करायचं असतं. त्यासाठी धंद्यात एक युक्ती रूढ आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून जोडून, एका वेळी एकालाच काम करता येतं. दुसरा आत आला की पहिला बाहेर. पॅच टाकून ही अट उडवायची, की एकाच पीसीवर चौघं पाचजण काम करू लागतात. कुणी विंडोज सर्व्हर टाकतो. त्यात देखभालीसाठी म्हणून दोन जणांना एका वेळी आत येण्याची मुभा वेगळ्या परवान्याशिवाय मिळते, आणि त्या दोन जागांवर सर्रास दोन काउंटर चालवले जातात.

माझा युक्तिवाद साधा होता. कंपनी केवढी मोठी, हा दुकानदार केवढासा. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून लांब, जंगलात, छत्तीसगडच्या सीमेला लागून. इथे तपासायला येतंय कोण? आणि ज्या तालुक्यात रस्ता, वीज, टॉवर या गोष्टींचीच मारामार, तिथल्या माणसाच्या माथी परवान्याचा भुर्दंड कशाला मारायचा? ‘भामरागडला चालतंय’ हे वाक्य आमच्या धंद्यात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आणि इतक्यांदा स्वतः म्हटलं, की त्यात काही मत दडलेलं आहे हेही जाणवेनासं झालं होतं.

ज्यांनी भामरागड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आलापल्लीहून निघालेला रस्ता ताडगाव, हेमलकसा करत येतो, आणि गावात शिरण्याआधी पर्लकोटा नदीचा पूल लागतो. गावाजवळच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, उलट चढतं. पूल बुडतो, आणि शंभराहून अधिक गावांचा तालुका जगापासून तुटतो. २०१९च्या पावसाळ्यात तर पाणी पुन्हा पुन्हा बाजारपेठेत शिरलं. रस्त्यापाठोपाठ वीज जाते, विजेपाठोपाठ टॉवर. नवीन उंच पुलाचं काम हाती घेतलं गेलं आहे, पण मी ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे तेव्हा भरवसा जुन्याच पुलावर होता.

एका पावसाळ्यात दुसऱ्याच कामासाठी मी भामरागडात गेलो होतो, आणि पूल बुडाल्यामुळे अडकून पडलो. ओळखीच्या एका ठोक दुकानदाराने निरोप धाडला: मशीन बघून द्या. ते नेटवर्क मी टाकलेलं नव्हतं. बाहेरच्या एका तंत्रज्ञाने उन्हाळ्याच्या सुरुवातीला बसवून दिलं होतं, आणि काम नेटकं होतं. विंडोज सर्व्हर, त्यावर रिमोट डेस्कटॉपची सेशन होस्टची भूमिका, म्हणजे अनेकांना एकाच वेळी आत घेणारी सोय, बसवलेली, काउंटरवर जुने पीसी. फक्त परवाने घेतलेले नव्हते. सेशन होस्ट बसवल्यावर परवान्याची सोय करायला १२० दिवसांची सवलत मिळते. तोवर सगळं बिनबोभाट चालतं. नीट पाहिलं नाही तर परवाना लागतो हेही ध्यानात येत नाही. एप्रिलमध्ये सुरू झालेले ते दिवस ऑगस्टमध्ये संपले होते, नेमके पुराच्या आठवड्यात.

काउंटरच्या पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येत होती: परवाना देणारा सर्व्हर उपलब्ध नाही, जोडणी तोडली आहे. सर्व्हर मात्र धडधाकट होता. त्याच्या स्वतःच्या पडद्यासमोर बसून एकाला काम करता येत होतं, म्हणून मालकाच्या खोलीतल्या त्या एका पडद्यावर अख्ख्या दुकानाची बिलं बनत होती. काउंटरवरची मुलगी चिठ्ठीवर माल लिहून घेई, आत नेऊन देई, बिल घेऊन परत येई. बाहेर ओलेत्याने उभी असलेली माणसं मीठ, तांदूळ, मेणबत्त्या मागत होती.

ही अडचण सोडवायची एक आडवाट आहे. सवलतीच्या दिवसांची नोंद विंडोजच्या पोटात एका ठिकाणी असते. ती पुसली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना ती ठाऊक आहे. मलाही होती. मी ती नोंद पुसली. त्या दिवशी तसं करणं योग्य होतं असं मला आजही वाटतं. बाहेर पुरातली माणसं उभी असताना मी परवान्याचं प्रवचन द्यायला बसलो नसतो. काउंटर सुरू झाले. ती मुलगी माडिया, आश्रमशाळेत शिकलेली, एमएस-सीआयटी झालेली. तिने मला विचारलं, ‘भाऊ, हे लायसन म्हणते ते का असते जी? आपल्यापाशी नाही का?’ मी सांगितलं, आता १२० दिवस काळजी नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, पानं उलटत डिसेंबरवर थांबली, आणि म्हणाली, ‘म्हणजे धानाच्या टायमात पुन्हा बंद पडन.’

तिने तक्रार म्हणून नाही, नुसता हिशेब म्हणून म्हटलं. पण माझ्या जुन्या मताचा पायाच त्या हिशेबात उखडला. दुर्गम भागात परवान्याची गरज कमी, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जुगाडाला सतत कुणीतरी जाणता माणूस जवळ लागतो. पॅच टाकलेल्या मशीनला विंडोजचं अपडेट आलं की पॅच गळतो, नवा शोधून टाकावा लागतो. घड्याळ मागे फिरवलेल्या मशीनला दर काही महिन्यांनी कुणीतरी फिरवणारा हवा. चंद्रपुरात किंवा नागपुरात हे खपून जातं, कारण तंत्रज्ञ दुपारी येऊन करून जातो. जिथे तो पूल उतरेपर्यंत येऊच शकत नाही, तिथे जुगाड सर्वांत महाग. आणि त्याची किंमत मी भरत नाही, कंपनी भरत नाही. चिठ्ठ्या घेऊन आत-बाहेर करणारी ती मुलगी भरते. ‘भामरागडला चालतंय’ म्हणताना आम्ही तिच्यासाठी दुय्यम वस्तू पसंत करत होतो आणि त्याला सहानुभूती समजत होतो. हे मला फार लागलं.

पूल उतरल्यावर मी परत आलो आणि परवान्याचे नियम पहिल्यांदाच मन लावून वाचले. तोवर मी ते केवळ चुकवण्यापुरते वाचले होते. त्यात आमच्या भागाला उपयोगी पडणाऱ्या किती गोष्टी आहेत हे पाहून नवल वाटलं.

परवाने दोन तऱ्हेचे: माणशी आणि यंत्रामागे, म्हणजे पर युझर आणि पर डिव्हाइस. बहुतेक विक्रेते डोळे झाकून माणशी देतात. पण माणशी परवान्याचा हिशेब ठेवायला डोमेन लागतं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा वेगळा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस. डोमेनशिवाय, साध्या वर्कग्रुपमध्ये हे परवाने लावले तर विंडोज सर्व्हरच्या २०१९ आणि पुढच्या आवृत्त्या साठ मिनिटांनी जोडणी तोडण्याचा इशारा देतात आणि तोडतातही. लहान दुकानाला डोमेन परवडत नाही, गरजही नसते. त्याला यंत्रामागचा परवानाच हवा. शिवाय आमच्याकडे धानाच्या हंगामात काउंटरवरची माणसं बदलतात, वाढतात. यंत्रं तेवढीच राहतात. यंत्र पहिल्यांदा जोडलं की त्याला तात्पुरता परवाना मिळतो, पुढच्या खेपेला पक्का. पक्का परवाना ५२ ते ८९ दिवसांच्या मुदतीने त्या यंत्रावरच नोंदला जातो आणि मुदत संपत आली की आपोआप नवा होतो. मधल्या काळात परवाना देणारी सेवा बंद पडली, तरी मुदत असलेली यंत्रं चालत राहतात. पूर, वीज, दुरुस्ती यांत मधे गेलेले आठवडे त्यात निभावतात.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. परवाना सर्व्हर सुरू करायला त्या सर्व्हरला इंटरनेट असावंच लागतं, असं मी समजत होतो. तसं नाही. थेट जोडणी, वेबसाइट आणि टेलिफोन असे तीन मार्ग दिलेले आहेत. वेबसाइटच्या मार्गात सर्व्हर पाच-पाचाच्या गटांतला एक लांबलचक क्रमांक दाखवतो; तो कागदावर उतरवून जिथे रेंज असेल तिथे मोबाइलवर भरायचा, मिळालेला क्रमांक परत येऊन सर्व्हरवर टाइप करायचा. त्या दुकानात पुन्हा जाऊन आम्ही तसंच केलं. क्रमांक वहीत उतरवला, नेटवर्क धरणाऱ्या जागी जाऊन भरला, उत्तर लिहून आणलं. त्या मुलीने वाचून दाखवलं, मी टाइप केलं. मग ग्रुप पॉलिसीत दोनच नोंदी: परवाना सर्व्हर कोणता, आणि पद्धत कोणती. ही दुसरी नोंद विसरली तर परवाने असूनही सवलतीचे दिवस संपल्यावर दारं बंद होतात.

दुकानदाराला खर्च पटवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, सर्व्हरचा परवाना वेगळा, त्याला जोडणाऱ्या यंत्रांचा साधा परवाना वेगळा, आणि रिमोट डेस्कटॉपचा त्यावर आणखी वेगळा. ते म्हणाले, ‘सागवानाची गाडी टीपीशिवाय (वाहतूक परवान्याशिवाय) नाक्यावरून पुढे जाते का जी? मग सरळ सांगायचं होतं ना आधी.’ त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाइकाला झेपणार नाही हे आम्ही त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

आता त्या दुकानात रिमोट डेस्कटॉप काय करतो ते सांगतो, कारण एवढा खटाटोप कशासाठी हे त्याशिवाय कळणार नाही. काउंटरवरच्या पीसीत काही साठवलेलं नसतं. तो फक्त पडदा, कीबोर्ड आणि माउस. बिल बनतं ते सर्व्हरच्या आत. आमच्याकडे दुपारी वीज गेली की काउंटरचे पीसी काळे होतात, कारण प्रत्येकाला युपीएस देणं परवडत नाही. सर्व्हर आणि स्विच मात्र बॅटरीवर असतात. पूर्वी अशा वेळी अर्धवट बिल जाई, कधी हिशेबाची फाइलच बिघडे. आता वीज आली की मुलगी पीसी चालू करते, पासवर्ड टाकते, आणि तिची बिलाची खिडकी सोडली तशीच समोर येते: गिऱ्हाइकाचं नाव, तांदळाचे कट्टे, वजनाच्या चौकटीत लुकलुकणारा कर्सर. तुटलेली जोडणी सर्व्हरवर जिवंत ठेवली जाते, ती किती वेळ ठेवायची हे आपण ठरवायचं. मी ती मुदत मुद्दाम भरपूर ठेवली. मला या सगळ्या तंत्रज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती विचाराल तर हीच. १९९८ साली एनटी ४.०च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासून विंडोजमध्ये असलेली ही सोय मोठ्या कार्यालयांसाठी म्हणून ओळखली गेली. तिची खरी गरज वीज जाणाऱ्या गावाला आहे.

जुने पीसीही त्यामुळे वाचतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि आमच्या भागातली कितीतरी यंत्रं विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. त्यांवर हलकं लिनक्स टाकून त्यांचा नुसता पडदा म्हणून वापर करता येतो. लिनक्सवरून जोडलं तरी यंत्रामागचा परवाना लागतोच, हेही सांगून ठेवतो.

बसवताना हात पोळणाऱ्या जागा वेगळ्याच निघाल्या. सर्व्हर जमिनीवर ठेवायचा नाही, हे भामरागडात कुणालाही सांगावं लागत नाही. २०१९चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते दुकानदाराने बोटाने दाखवलं आणि त्याच्या बरंच वर आम्ही फळी ठोकली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काउंटरच्या पीसीला लावून रिमोट डेस्कटॉपमधून छापायला गेलं की अक्षरं रेंगाळत उमटतात. तो नेटवर्कवर आणून थेट सर्व्हरला ओळखून दिला, तेव्हा पूर्वीच्या वेगाने छापू लागला. डिजिटल सहीच्या टोकनने सर्वाधिक छळलं. मालकाला वाटलं, टोकन सर्व्हरलाच लावून ठेवलं की कुठूनही सही होईल. होत नाही. रिमोट जोडणीत विंडोज टोकन शोधतं ते आपण जिथे बसलो आहोत त्या यंत्रावर, सर्व्हरवर नाही. ते मालकाच्या पीसीला लावलं आणि प्रश्न मिटला. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं मी या वाटेला नेतच नाही. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र पीसी बरा.

चंद्रपूरला बसणाऱ्या हिशेबनिसांना हिशेब दुरून पाहायचे होते. त्यासाठी राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट जगाला उघडून द्यायची पद्धत अजूनही सर्रास दिसते. मे २०१९मध्ये ब्लूकीप नावाची खोट उघड झाली. जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय, याच दारातून, कुणालाही शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टला तेव्हा एक्सपीसारख्या निवृत्त आवृत्तीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. ते दार मी उघडत नाही. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप. जिथून फाइली कोंडून खंडणी मागितली जाते ते दार बहुतेकदा असंच उघडं टाकलेलं असतं, आणि पॅच टिकावा म्हणून अपडेट बंद ठेवलेल्या मशीनला तर त्यापासून वाचवणारं काहीच उरत नाही.

सगळ्याच बाबतींत माझं मत बदललेलं नाही. दोन काउंटरच्या दुकानाने सर्व्हरच्या फंदात पडू नये. टॅलीची गोल्ड आवृत्ती आणि लॅन त्याला पुरते. सर्व्हर नागपुरात किंवा मुंबईत भाड्याने घ्या असं सुचवणाऱ्यांना मी अजून नाही म्हणतो. टॉवर गेला की दुकान गेलं, असली व्यवस्था पर्लकोटेपलीकडे नको. आणि २०१९चे परवाने २०२२च्या सर्व्हरला चालत नाहीत, नवे घ्यावे लागतात, हा नियम मला अन्यायाचाच वाटतो. नव्या सर्व्हरचे परवाने जुन्याला चालतात, जुन्याचे नव्याला नाहीत. म्हणून परवाने घेण्याआधी सर्व्हर कुठला हे पक्कं करावं.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी लिनक्स आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपची सोय देणारं एक्सआरडीपी हा मार्ग मी आता मनापासून सुचवतो. ज्या सेवा केंद्राचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं, मराठी टायपिंग आणि छपाई एवढंच बाकी असतं, तिथे तो उत्तम चालतो. त्याला किती माणसं जोडली याची मोजदाद नाही, दिवस भरण्याची धास्ती नाही. पूर्वी मी लिनक्सला पॅचपेक्षा कटकटीचं म्हणून टाळत असे.

पॅच मागायला लोक अजून येतात. मी नाही म्हटल्यावर काही दुसरीकडे जातात, आणि त्यांचं काम होतंही. त्याचं मला वाईट वाटतं. पैशाचं थोडं, पण त्यांच्या काउंटरवर बसणाऱ्यांचं जास्त.

सध्या डोक्यात आहे ते ग्रामसभांचं काम. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकतात, मजुरी वाटतात, आणि त्यांचा हिशेब बऱ्याचदा कुणा एकाच्या लॅपटॉपवर असतो. तो लॅपटॉप बिघडला की गावाचा हिशेब अडकतो. काही ग्रामसभांनी मिळून एखाद्या उंच, बॅटरी असलेल्या जागी एक सर्व्हर ठेवावा आणि प्रत्येकीने आपापल्या नावाने त्यात काम करावं, असं मी त्यांच्यापुढे मांडलं आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं ठेवायचं की लिनक्सवर चालणारं घ्यायचं, यावर अजून एकमत नाही. विंडोजवर गेलो तर परवान्याचा खर्च कोणत्या ग्रामसभेने किती उचलायचा हे आधी ठरेल, यादी होईल, मगच सर्व्हरची पेटी फोडू. तेंदूच्या आत ठरलं तर बरं. नाही ठरलं तर पावसाळा जाऊ देऊ.